चेफालूला जाणार असाल तर तिकीट पंच करा

तेहतीस वर्षं मी रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे काढली, त्यातली शेवटची अकरा ठाणे स्टेशनात. लोकलला तिकिटाऐवजी कूपनं चालायची त्या काळात कूपनाचं पुस्तक खिडकीतून सरकवताना दिवसाला शेकडो वेळा तोंडातून जायचं, ‘पंच करून घ्या हं.’ आणि निवृत्त झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा परदेशी गाडीत बसले, तर पंच न केलेल्या तिकिटासाठी पकडली कोण गेली? मीच. ते पुढे सांगते. आधी गाव.

चेफालू हे इटलीतल्या सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं लहानसं गाव. नाव घेताना जोर शेवटच्या ‘लू’वर द्यायचा. पाठीशी २७० मीटर उंचीचा बोडका कातळ, त्याच्या पायथ्याशी दोन मनोऱ्यांचं जुनं कॅथेड्रल, आणि तिथून समुद्राकडे गेलेल्या अरुंद गल्ल्या. कातळ माणसाच्या डोक्यासारखा दिसतो, म्हणून ग्रीकांनी ‘केफाले’ म्हणजे डोकं या शब्दावरून गावाला नाव दिलं. त्याचंच झिजून चेफालू झालं.

बरोबर होत्या माझ्या थोरल्या जाऊबाई. वय ७१, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मासे आवडीने खातात पण सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून. तेव्हा मी पुढे जे लिहिणार आहे ते पाठीवर पिशवी टाकून पळणाऱ्या पोरांसाठी नाही. ते आमच्यासारख्यांसाठी आहे, ज्यांना जिना दिसला की आधी कठडा दिसतो.

नौपाड्यातल्या एका टूरवाल्याने आम्हाला अकरा दिवसांत सात शहरांचा कागद दिला होता. रोज सकाळी साडेसहाला बॅगा लॉबीत. जाऊबाईंनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, ‘अगं, यात बघायचं कधी? ही तर कसारा लोकल झाली, नुसती स्टेशनं मोजत बसायची.’ म्हणून आम्ही एकच गाव धरलं आणि तिथे पाच रात्री राहिलो. लोक चेफालूला पालेर्मोहून, म्हणजे सिसिलीच्या राजधानीतून, सकाळी येतात आणि दुपारी परत जातात. तसं करू नका. दुपारी गाव झोपलेलं असतं. खरं गाव संध्याकाळी सहानंतर उठतं, आणि तेव्हा हे लोक परतीच्या गाडीत असतात.

चेफालूच का, हे मला सगळ्यांनी विचारलं. ठाण्याच्या जुन्या इतिहासाबद्दल वाचताना मला अल्-इद्रिसी भेटला. बाराव्या शतकात सिसिलीवर रॉजर दुसरा हा नॉर्मन राजा होता. त्याच्या दरबारात लॅटिन, ग्रीक आणि अरबी या तिन्ही भाषा चालायच्या. त्याने इद्रिसी या अरब भूगोलकाराला पालेर्मोला ठेवून घेतलं आणि त्याच्याकडून जगाचा नकाशा आणि त्यासोबतचा ग्रंथ करवून घेतला. ग्रंथ ११५४ साली पुरा झाला. त्यात आपलं ठाणं आहे! मोठ्या खाडीवरचं देखणं गाव, जिथे जहाजं नांगर टाकतात आणि जिथून शिडं उभारून निघतात, आणि जवळच्या डोंगरांत बांबू आणि वंशलोचन मिळतं, असं त्याचं वर्णन आहे. इद्रिसी इथे आलेला नव्हता, दर्यावर्दी आणि व्यापाऱ्यांकडून ऐकून लिहिलं त्याने. पण येऊरच्या बांबूची खबर शिलाहार राजांच्या काळात थेट सिसिलीच्या राजाला लागली होती, म्हणजे बघा. त्याच ग्रंथात चेफालूही आहे: समुद्रकाठी किल्ल्यासारखं गाव, बाजार, हमाम, गिरण्या, आणि गावाच्या आतच उफाळणारं गोड थंड पाणी. एका पुस्तकातली ही दोन गावं. एक तर रोजचंच आहे, म्हटलं दुसरंही बघून येऊ.

कधी जायचं

मे, किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. जुलै-ऑगस्ट मनातूनच काढा. आपल्या डोक्यात जुलै म्हणजे पाऊस आणि भजी. तिकडे पाऊस थंडीत पडतो आणि जुलै-ऑगस्ट म्हणजे कोरडा, भाजून काढणारा उन्हाळा. त्यात १५ ऑगस्टच्या आसपास सगळी इटली सुट्टी घेऊन समुद्रावर येते. फक्त एका गोष्टीसाठी ऑगस्टचा मोह होतो. २ ते ६ ऑगस्टला गावाच्या सान साल्वातोरेचा उत्सव असतो, आणि त्यात समुद्रावर एक लांब खांब आडवा बांधून त्याला ओशट पदार्थ फासतात. पोरं त्यावरून घसरत, पडत, टोकाचा झेंडा काढायला जातात. आपली दहीहंडी आडवी करून पाण्यावर धरली असं समजा. ठाण्याच्या माणसाला याचं वेगळं काही सांगायला नको.

आम्ही मेमध्ये गेलो. हापूसची पेटी घरात होती आणि जाऊबाईंना चार आंबे बॅगेत टाकायचे होते. टाकू नका. युरोपात बाहेरून ताजी फळं न्यायला सरकारी आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि दुधाचे व मांसाचे पदार्थ तर नेताच येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, श्रीखंडाच्या वड्याही घरीच. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी, चिवडा यांची अडचण नाही.

व्हिसा थोडक्यात. इटलीचा शेंगेन व्हिसा, मुंबईतल्या व्हीएफएसच्या केंद्रात अर्ज. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण तितकं ताणू नका. मोठ्या माणसाची फी ९० युरो, वर केंद्राचा आकार. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्टची मुदत परत निघण्याच्या तारखेनंतर ३ महिने तरी शिल्लक हवी आणि दोन पानं कोरी हवीत. पेन्शनीचे कागद, बँकेचं स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, राहण्याचं बुकिंग. एकाच गावात पाच रात्री का, हे पत्रात लिहून दिलेलं बरं. मी सरळ लिहिलं की आमच्यातल्या एकीचा गुडघा बदललेला आहे आणि आम्हाला रोज बॅग भरायची नाही. व्हिसा मिळाला.

जायचं कसं

सोपा मार्ग: मुंबईहून विमानं बदलत पालेर्मो, विमानतळावरून ट्रेनने पालेर्मो सेंत्राले स्टेशन, तिथून दुसऱ्या ट्रेनने तासाभरात चेफालू. येताना आम्ही असंच आलो.

जाताना मात्र मी हट्ट केला. रोमहून पालेर्मोला इंटरसिटी गाडी जाते आणि ती चेफालूला थांबते. अख्खा दिवस मोडतो, अकरा-बारा तास. पण सिसिली बेट आहे, आणि मधल्या सामुद्रधुनीवर पूल नाही. मग गाडी जाते कशी? बोटीतून. व्हिल्ला सान जोव्हान्नी या स्टेशनाच्या पुढे गाडी धक्क्यावर येते, डबे तोडतात, आणि शंटिंग करत दोन-दोन तीन-तीन डब्यांचे तुकडे बोटीच्या पोटातल्या रुळांवर ढकलतात. आम्ही डब्यातच बसलेलो. खडखडाट, एक धक्का, परत मागे, परत पुढे, मग खिडकीबाहेर लोखंडी भिंत आणि अंधार. मला रेल्वेची इतकी वर्षं होऊनही हे दृश्य नवं होतं. मी जिना चढून वर डेकवर गेले. समोर मेस्सिना, मागे इटलीची जमीन, पायाखाली समुद्र आणि त्याखालच्या मजल्यावर आमची गाडी. कपलिंग लावणाऱ्याला मी वरून हात केला, त्यानेही केला. जाऊबाई खाली डब्यातच राहिल्या, म्हणाल्या, ‘बॅगा कोण बघणार?’ ठाण्याला १८५३ मध्ये पहिली गाडी आली तेव्हा लोक बघायला जमले होते, त्यांच्यातलीच एक झाल्यासारखं मला वाटत होतं. वेळ असेल तर हा प्रवास एका बाजूने तरी कराच. रात्रीची गाडीही आहे, पण दिवसाची घ्या, नाहीतर बोटीवर चढायच्या वेळी झोपलेल्या असाल.

राहण्याची जागा ठरवताना तीन प्रश्न विचारा: कितवा मजला, लिफ्ट आहे का, आणि रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती. जुन्या गावातली घरं शेकडो वर्षांची आहेत, लिफ्ट क्वचित. शिवाय त्यांचा पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, आणि मधले जिने आपल्या चाळीच्या जिन्यांहून उभे. ‘समुद्राचं दृश्य’ लिहिलेल्या खोल्या बहुतेक वर असतात. आम्ही दृश्य सोडलं आणि तळमजला घेतला. दृश्य बघायला समुद्र चालत दोन मिनिटांवर होता. स्टेशनापासून जुनं गाव पायी दहा-पंधरा मिनिटं, पण शेवटचा रस्ता फरसबंदीचा आहे, त्यावर बॅगेची चाकं अशी वाजतात की सगळी गल्ली खिडकीत येते. निघताना हॉटेलवाला माणशी, रात्रीमागे थोडा पर्यटन कर वेगळा घेतो. तो फसवत नाही, नियमच आहे.

गावाचं घड्याळ

हे कळलं की निम्मं काम झालं. सकाळी आठ ते एक गाव जागं. एक ते तीन जेवण. मग चार-साडेचारपर्यंत, कधी पाचपर्यंत, दुकानांची शटरं खाली. रस्त्यावर फक्त मांजरं आणि चुकलेले पर्यटक. पहिल्या दिवशी आम्ही साडेतीनला जेवायला बाहेर पडलो आणि उपाशी परत आलो. चुली सगळीकडे बंद, आणि रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी कोणी देत नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांचं घड्याळ लावलं: साडेबाराला जेवण, मग वामकुक्षी. वामकुक्षीला इटलीत कोणी हसत नाही, ते स्वतःच करतात. ठाण्यात मात्र आमच्या सोसायटीत दुपारी दोनला बेल वाजतेच.

संध्याकाळी सहा-साडेसहाला कोर्सो रुज्जेरो या मुख्य रस्त्यावर अख्खं गाव चालायला येतं. काम काही नाही. आजोबा इस्त्रीच्या शर्टात, बायका दोघी-दोघी हातात हात घालून, पोरं आइस्क्रीम घेऊन. कॅथेड्रलच्या चौकापर्यंत जायचं, ओळखीचं कोणी भेटलं की थांबायचं, परत फिरायचं. आपल्या मासुंदा तलावाच्या काठी पूर्वी असंच असायचं. आता तिथे गाडी लावायला जागा शोधण्यातच संध्याकाळ जाते. या वेळेला चौकातली एक खुर्ची धरा, एक कॉफी किंवा लिंबाचं ग्रानिता, म्हणजे बर्फाळ सरबत, घ्या आणि बसा. टेबलावर बसून पिण्याचा भाव काउंटरवर उभं राहून पिण्यापेक्षा जास्त असतो. सकाळी आम्ही उभ्याने प्यायचो, संध्याकाळी बसून. दिवसातून एकदा बसण्याचे पैसे द्यावेत.

काय बघायचं

कॅथेड्रल ११३१ मध्ये याच रॉजरने सुरू केलं. वादळात सापडलेला राजा सुखरूप इथल्या किनाऱ्याला लागला आणि त्याने नवस फेडला, अशी गोष्ट गावात सांगतात. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, म्हणजे आपलं देऊळ सत्तर वर्षांनी मोठं. बाहेरून हे किल्लाच वाटतं. दोन्ही मनोरे जुळे वाटतात, पण कळसांकडे नीट बघा, सारखे नाहीत. २०१५ मध्ये पालेर्मोच्या अरब-नॉर्मन इमारतींबरोबर याचंही नाव युनेस्कोच्या यादीत गेलं.

आत शिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणी जवळ असली की प्रश्न मिटतो. सरळ पुढे चालत जा. मागच्या अर्धगोल घुमटीत सोन्याच्या पार्श्वभूमीवर ख्रिस्ताचं प्रचंड मोझेइक आहे, ११४८ सालचं, बायझंटाइन म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक साम्राज्यातल्या कारागिरांचं. एका हाताने आशीर्वाद, दुसऱ्या हातात उघडं पुस्तक. पुस्तकाच्या एका पानावर ग्रीक आणि दुसऱ्यावर लॅटिन, मजकूर एकच: मी जगाचा प्रकाश आहे. दोन भाषांच्या प्रजेसाठी राजाने केलेली सोय. आपल्या स्टेशनांवरच्या पाट्या तीन भाषांत असतात, तसं. जवळ जाऊन बघितलं तर ते सोनं म्हणजे काचेचे बारीक तुकडे आहेत, आणि ते मुद्दाम थोडे तिरके बसवलेले. त्यामुळे तुम्ही डावीकडे सरकलात की एक भाग विझतो आणि दुसरा पेटतो. जाऊबाई बाकावर बसून मान डावी-उजवी करत होत्या. म्हणाल्या, ‘हा बघ, डोळे माझ्याबरोबर फिरवतोय.’ घाई करू नका, एका बाजूला पाच मिनिटं, दुसऱ्या बाजूला पाच मिनिटं बसा. प्रार्थना चालू असेल तर मागेच थांबा.

रॉजरला स्वतःला इथेच पुरून घ्यायचं होतं. त्यासाठी जांभळट लाल दगडाच्या दोन शवपेट्या त्याने ११४५ मध्ये आणून ठेवल्या. पण मेल्यावर त्याला पालेर्मोत पुरलं, आणि पुढे नातू फ्रेडरिकने त्या रिकाम्या पेट्याही पालेर्मोला नेल्या. आरक्षण कन्फर्म, पण गाडी दुसऱ्याच स्टेशनाला लागली.

माझ्या मते गावातली सर्वांत चांगली जागा मात्र कॅथेड्रल नाही. व्हिया व्हित्तोरियो एमान्युएले या गल्लीत चालताना एका बाजूला खाली उतरणाऱ्या, वळणाऱ्या काळ्या लाव्हाच्या दगडी पायऱ्या दिसतात. ती सार्वजनिक धुण्याची जागा, मध्ययुगीन लावातोयो. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, गुडघ्यांना चालतात, पण ओलसर असतात. भिंतीला हात धरून उतरा. खाली दगडी हौद, भिंतीत लोखंडी तोट्या, बऱ्याचशा सिंहमुखी, आणि त्यातून कातळाखालून आलेलं चेफालिनो नदीचं पाणी अखंड वाहत समुद्राकडे जातं. इद्रिसीने लिहिलेलं गोड थंड पाणी ते हेच असावं, असं मी धरून चालले आहे. प्रवेशापाशी दगडात कोरलेल्या ओळीत या पाण्याला चांदीहून निर्मळ आणि बर्फाहून थंड म्हटलंय.

जाऊबाईंचं माहेर राजापूरजवळचं. त्या शेवटच्या पायरीवर बसल्या, चपला काढल्या आणि हौदाच्या उतरत्या दगडावरून तळवा फिरवला. मग मला म्हणाल्या, ‘हे आपटायचे दगड नव्हेत गं, घासायचे. उतार बघ. पाणी आपसूक खाली जातं, पिळा हातात राहतो. आणि गुडघे इथे टेकवत असणार.’ त्यांनी दाखवलं तिथे दगड खरंच झिजून गुळगुळीत झालेला होता. त्यांच्या माहेरच्या पऱ्यावर असाच एक दगड होता आणि त्यावरून दोन घरांत वर्षभर अबोला होता, ती गोष्ट त्यांनी तिथेच सांगितली. वर्षभर! एका दगडासाठी. आम्ही तिथे पाऊण तास होतो. सकाळी नऊच्या आत जा, दहानंतर फोटोवाल्यांची रांग लागते.

मान्द्रालिस्का संग्रहालय कॅथेड्रलपासून जवळच आहे. मान्द्रालिस्का नावाच्या एका बॅरनचा हा संग्रह, लहानसा. तिथे आन्तोनेल्लो दा मेस्सिना या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराचं ‘अनोळखी माणसाचं चित्र’ आहे, वहीएवढं, आणि त्यातला माणूस असा हसतो की त्याला तुमचं काहीतरी ठाऊक आहे. लिपारी बेटावरच्या औषधवाल्याच्या पोरीला ते हसू इतकं झोंबलं की तिने चित्रावर ओरखडे काढले, असं म्हणतात. सगळे त्याच्यासाठी येतात. तुम्ही तो बघून झाला की मातीच्या एका मोठ्या घटाकडे जा. इ.स.पूर्व चौथ्या शतकातला आहे. त्यावर एक मासेवाला सुरा घेऊन टुना कापतोय आणि समोर गिऱ्हाईक हातात नाणं धरून उभं आहे. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीचा मासळीबाजार. जाऊबाईंनी लगेच निकाल दिला, ‘याला भाव जमलेला नाही. बघ, पैसे पुढे केलेत पण सोडत नाहीये.’

कातळावर, म्हणजे ला रोक्कावर, चढायला वाट आहे, ‘सालिता साराचेनी’ची पाटी बघायची. तिकीट लागतं, पावसात बंद ठेवतात. अर्ध्यावर ‘डायनाचं देऊळ’ म्हणतात ते प्रचंड दगडांचं प्राचीन बांधकाम, अगदी माथ्यावर किल्ल्याचे अवशेष. मी एकटी सकाळी आठला गेले, देवळापर्यंतच. मुंब्रादेवीच्या पायऱ्या चढता येत असतील तर हेही जमेल, पण सावली नाही, आणि घासलेले दगड निसरडे आहेत. चपला नकोत, बूट हवेत. वरून कॅथेड्रलची पाठ, लाल कौलं आणि निळा समुद्र एकत्र दिसतो. तिकीट त्या दृश्याचं आहे.

समुद्रकिनारा जुन्या गावाला लागूनच, वाळूचा, पाणी उथळ. उन्हाळ्यात बऱ्याच भागावर खुर्च्या-छत्र्यांची भाड्याची सोय असते, पण फुकट बसायचा पट्टाही असतो. पैसे देण्याआधी तो शोधा. पहिल्या संध्याकाळी जाऊबाईंनी पायजमा दुमडून पाण्यात पाय घातले आणि विचारलं, ‘ओहोटी कधी लागेल?’ मी खानावळवाल्याला हातवारे करून विचारलं. त्याला प्रश्नच कळेना. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच. जिब्राल्टरच्या अरुंद तोंडातून महासागराची भरती आत यायला वाव नाही, त्यामुळे पाणी वीत-दीड वीत हललं तर हललं. आपल्याकडे मोठ्या भरतीला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं, खाडी तुडुंब होते आणि सहा तासांनी चिखल. जाऊबाईंनी वाळूत एक काटकी रोवून ठेवली आणि सकाळी जाऊन बघितली. काटकी होती तिथेच होती. ‘म्हणजे यांच्या समुद्राला काम नाही,’ म्हणाल्या. एवढ्यामुळेच तिथली जुनी घरं थेट पाण्यात पाय सोडून बसलेली आहेत. पोर्ता पेस्कारा या जुन्या वेशीच्या कमानीतून बाहेर आलात की त्या घरांची समुद्राकडची बाजू दिसते.

खाणं

मासे खाणाऱ्यांची चंगळ: टुना, तलवार मासा, तारलीची भावंडं. पास्ता कोन ले सार्दे, म्हणजे तारली आणि रानबडीशेपेचा पास्ता, जाऊबाईंनी मंगळवारी खाल्ला आणि बुधवारी पुन्हा मागितला. गावाचा स्वतःचा ‘पास्ता आ तायानू’ मांसाचा असतो.

शाकाहाराला थोडी सावधगिरी. पानेल्ले निर्धास्त खा: चण्याचं पीठ शिजवून, थापून, वड्या तळलेल्या, म्हणजे पाटवडीची चुलतबहीण, फक्त फोडणी विसरलेली. हिरवी चटणी डब्यातून नेली होती, ती इथे कामी आली. कापोनाता म्हणजे वांग्याची आंबटगोड भाजी. पास्ता आल्ला नोर्मा हा वांगं आणि खारट चीजचा. पण आरांचिना या भाताच्या तळलेल्या गोळ्याला नीट विचारा. ‘बुर्रो’ म्हणजे लोणी, म्हणून शाकाहारी समजाल, तर त्यात बहुधा हॅम, म्हणजे डुकराचं मांस, असतं. स्फिंचोने या जाड पावात अँचोव्ही मासा असतो. कान्नोलीचं कुरकुरीत कवच परंपरेने डुकराच्या चरबीत करतात. चालत नसेल तर सोडून द्या, आइस्क्रीम आहे. नुसतं ‘सेन्त्सा कार्ने’, मांसाशिवाय, म्हणून भागत नाही, कारण मासा आणि हॅम त्यांच्या हिशेबात वेगळे. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेश्शे, सेन्त्सा प्रोश्शुत्तो’ असं तिन्ही म्हणा. मी कागदावर लिहून घेतलं होतं, सोमवारी तोच पुढे करायचे. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी छोटी रक्कम दिसेल. ती बसण्याची, पावाची. भांडू नका.

आता पंचाचं

चौथ्या दिवशी आम्ही पालेर्मोला गेलो, रॉजरच्या राजवाड्यातलं कापेल्ला पालातिना हे प्रार्थनाघर बघायला. ११४० सालचं, वर अरबी धाटणीचं कोरीव, रंगवलेलं लाकडी छत, भिंतींवर तेच सोनं. जाऊन या.

स्टेशनावर यंत्रातून रीजनल गाडीची कागदी तिकिटं काढली. अशा तिकिटावर तारीख-वेळेचा शिक्का आपणच प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या यंत्रात मारून घ्यायचा असतो, गाडीत चढण्याआधी. इंटरसिटीला नको, कारण त्यात गाडी आणि सीट ठरलेली असते. फोनवर काढलंत तर गाडी निघण्याआधी फोनवरच चेक-इन करायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. जाऊबाईंना आदल्या रात्री मीच समजावलं होतं. आणि सकाळी त्या यंत्राकडे पाठ करून, हातभर अंतरावर, मी कॉफी पीत उभी राहिले.

गाडीत टीसीबाई आल्या. तिकीट घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. तेहतीस वर्षांत ती मी कितीतरी टीसींच्या चेहऱ्यावर पाहिलेली. जाऊबाई अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाल्या, ‘अगं, तू रेल्वेत होतीस ना?’ मी काही सबब सांगितली नाही. खिडकीवर ऐकलेल्या सगळ्या सबबी मला पाठ आहेत. दंड भरला, पावती मागून घेतली. ती पावती घरी कपाटात माझ्या जुन्या ओळखपत्राशेजारी ठेवली आहे. तुमच्या लक्षात चुकून आलंच की शिक्का राहिलाय, तर गाडीत टीसी येण्याची वाट न बघता स्वतः उठून त्यांना शोधा. आपण सांगायला जाणं आणि आपल्याला पकडणं यात तिथेही फरक करतात.

शेवटच्या दिवशी पालेर्मोच्या गाडीसाठी आम्ही अर्धा तास आधी स्टेशनात होतो. मी बॅगांपाशी बसले. जाऊबाईंनी दोन्ही तिकिटं माझ्या हातातून काढून घेतली, यंत्रात घातली, कर्रर्र आवाज झाला, शिक्का उजेडात धरून वाचला. मग मनाचं समाधान होईना म्हणून दुसऱ्या बाजूनेही मारला.